आयडल आणि इंडी गेम्स: सुरुवात कुठून करायची, खड्डे कुठे आहेत

आयडल गेम म्हणजे तुम्ही नसतानाही चालू राहणारा खेळ. आधी हाताने क्लिक करून काहीतरी जमवायचं, त्यातून ते आपोआप जमवणारी यंत्रं घ्यायची, आणि त्या यंत्रांच्या जिवावर आणखी मोठी यंत्रं. ऐकायला पोरकट वाटतं, आणि यातले निम्मे खेळ खरोखरच पोरकट आहेत. उरलेल्यांत मात्र काही असे आहेत की डोकं दिवसभर त्यांच्याच मागे फिरत राहतं. त्या उरलेल्यांपर्यंत लवकर पोचता यावं म्हणून हे लिहितोय. शेवटी इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांच्या, इतर खेळांकडेही वळू.

हा प्रकार मुळात थट्टेतून आला, हे लक्षात ठेवलेलं बरं. २००२ सालच्या 'प्रोग्रेस क्वेस्ट'मध्ये खेळाडूला काहीच करायचं नसतं, पात्र आपलं आपण लढतं आणि आपण नुसतं बघायचं. २०१० मध्ये इयान बोगोस्ट यांनी फेसबुकवरच्या शेती-खेळांची टर उडवायला 'काऊ क्लिकर' काढला. त्यात दर सहा तासांनी एका गायीवर एकदा क्लिक करायचं, बाकी काही नाही. लोक तोही मनापासून खेळले! तेव्हा आकडा वाढताना बघून माणूस खूश होतो, हे सिद्ध झालेलंच आहे. खेळ चांगला आहे का, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. माझी कसोटी एकच: पुढच्या तासात मला आत्तापेक्षा वेगळा निर्णय घ्यावा लागणार आहे का? लागणार असेल तर खेळ जिवंत आहे.

काय काय लागतं

- कुठलाही साधा संगणक. ग्राफिक्स कार्ड लागत नाही.
- ब्राउझर, आणि त्यात फक्त खेळांसाठी ठेवलेलं एक वेगळं प्रोफाइल.
- सेव्ह, म्हणजे खेळातली तुमची प्रगती, ठेवायला एक साधी टेक्स्ट फाइल.
- स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचं खातं. उघडायला पैसे पडत नाहीत. इंडी खेळांच्या इच डॉट आयओ या साइटचं खातं हवं तर नंतर काढा.
- कॅल्क्युलेटर. चेष्टा करत नाहीये.

१. पहिला खेळ फुकटचा आणि शेवट असलेला घ्या

नवे लोक थेट वर्षभर चालणाऱ्या खेळात उडी घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सगळा प्रकारच सोडून देतात. त्याऐवजी एका-दोन बैठकींत संपणारा खेळ आधी घ्या. माझ्या मते त्यासाठी दोनच नावं पुरेशी आहेत.

पहिलं 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स'. फ्रँक लँट्झ यांनी २०१७ मध्ये केलेला हा खेळ ब्राउझरमध्ये फुकट आहे. पांढऱ्या पानावर थोडी बटणं, आणि तुम्ही पेपरक्लिप बनवणारी एक यंत्रबुद्धी. क्लिप बनवा, विका, किंमत वर-खाली करा, तार विकत घ्या. पहिल्या भागात नवखे दोन ठिकाणी अडकतात. एक म्हणजे हातातले सगळे पैसे यंत्रांवर उडवून तारेला काही न ठेवणं. तसं झालंच तर थोडा 'विश्वास' (खेळात हा गुणांसारखा मिळतो) गमावून तार मागून घ्यायची सोय आहे, त्यामुळे खेळ कायमचा बंद पडत नाही. दुसरी अडचण जरा आतली आहे. मिळालेला विश्वास प्रोसेसर आणि मेमरी यांत वाटायचा असतो, आणि लोक सगळा प्रोसेसरला देऊन बसतात. मेमरीच्या प्रत्येक एककामागे प्रकल्पांवर खर्चायची जास्तीत जास्त १,००० ऑपरेशन्स साठतात, म्हणून एखाद्या प्रकल्पाला १०,००० लागत असतील तर मेमरी दहा झाल्याशिवाय तो हाती येणारच नाही. क्रिएटिव्हिटी हे दुसरं चलन तर ऑपरेशन्सची टाकी काठोकाठ भरल्यावरच वाढायला लागते. एवढं कळलं की पुढचा रस्ता मोकळा. त्या रस्त्यावर काय आहे ते सांगत नाही. कुठे वाचूही नका. या प्रकारातला सगळ्यात नेटका खेळ हाच, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं नाव 'अ डार्क रूम', २०१३ चा. एक खोली, विझलेली शेकोटी आणि ती पेटवायचं एक बटण. नंतर खोलीबाहेरचं जग उघडतं आणि खेळाचा पोतच बदलतो. नकाशावर हिंडायला लागलात की पाणी आणि खारवलेलं मांस यांचा हिशेब जाताना नव्हे, परत येतानाचा करा. निम्मं पाणी संपलं की मागे फिरा. वाटेत मेलात तर बरोबरचा माल गेला.

२. सेव्ह कुठे राहतो ते पहिल्याच दिवशी बघा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. ब्राउझरमधल्या बहुतेक आयडल गेमचा सेव्ह कुठल्याही सर्व्हरवर नसतो, तो तुमच्याच ब्राउझरच्या साठ्यात असतो. म्हणजे 'साइट डेटा पुसा' म्हणालात की तीन महिन्यांची कमाई त्यातच गेली. प्रायव्हेट विंडोत खेळलात तर खिडकी बंद होताच सेव्ह जातो. सफारीचं वेगळंच. तुम्ही सफारी वापरत राहिलात पण सात दिवस त्या साइटवर काही केलं नाहीत, तर तिथला असा साठा सफारी स्वतःच पुसून टाकते. 'सुट्टीवरून आलो आणि खेळ शून्यावर' या रडकथेमागे पुष्कळदा हेच असतं.

उपाय सोपा. सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट सेव्ह' असतं. दाबलं की अगम्य अक्षरांची एक लांबलचक ओळ मिळते. ती टेक्स्ट फाइलमध्ये तारखेसह चिकटवा. दुसऱ्या संगणकावर हीच ओळ 'इम्पोर्ट'मध्ये टाकली की खेळ जिथल्या तिथे. आठवड्यातून एकदा, आणि कुठलंही मोठं रीसेट करण्याआधी हमखास. जुनी ओळ लगेच पुसू नका. नवी अर्धवट कॉपी झालेली असली तर जुनीच कामी येते.

स्टीमवरच्या खेळाला क्लाउड सेव्ह (स्टीमच्या सर्व्हरवर राहणारा सेव्ह) आहे का, ते त्याच्या पानावर लिहिलेलं असतं. सगळ्यांना नसतं.

३. टॅब मागे गेला की खेळ मंदावतो

'रात्रभर चालू ठेवला होता, सकाळी काहीच जमलेलं नाही' अशी तक्रार नेहमीची आहे. दोष बहुधा ब्राउझरचा असतो. मागे असलेल्या टॅबचं घड्याळ ब्राउझर मुद्दाम हळू करतात, वीज आणि बॅटरी वाचावी म्हणून. २०२१ पासून क्रोममध्ये पाचेक मिनिटं मागे पडलेल्या टॅबला काही वेळा मिनिटातून एकदाच जागं केलं जातं. नीट लिहिलेला खेळ किती वेळ गेला ते मोजून तेवढी कमाई एकदम जमा करतो. आळसाने लिहिलेला खेळ जागं केलं तेवढ्याच वेळेची कमाई देतो.

म्हणून खेळ वेगळ्या खिडकीत उघडा, दुसऱ्या टॅबमागे दडपू नका. आवाज चालू असलेल्या टॅबवर ही बंधनं लागत नाहीत, त्यामुळे खेळाला संगीत असेल तर ते बारीक चालू ठेवा. क्रोमचा मेमरी सेव्हर टॅब पूर्ण झोपवतो, त्याच्या सेटिंगमध्ये ती साइट अपवाद म्हणून घाला.

खेळ बंद असताना कमाई होते का, हा प्रश्न निराळा आणि त्याचं उत्तर प्रत्येक खेळात निराळं. 'कुकी क्लिकर' या कुकी बनवायच्या खेळात सुरुवातीला अजिबात होत नाही. पुढे एक स्वर्गीय अपग्रेड (खेळ शून्यावर आणल्यावर घेता येणारी कायमची सुधारणा) घेतल्यावर पहिला तासभर नेहमीच्या वेगाच्या ५ टक्के मिळतात, त्यानंतर आणखी कमी. हे ठाऊक नसलं की माणूस उगाच आशेने सकाळी खेळ उघडतो.

४. पहिला तास: आधी काय विकत घ्यायचं

इथे कॅल्क्युलेटर काढा. उदाहरणाला 'कुकी क्लिकर' घेऊ, कारण २०१३ मध्ये आलेल्या या खेळाने पाडलेले नियम पुढे जवळजवळ सगळ्यांनी उचलले. वेबवर फुकट, २०२१ पासून स्टीमवर विकत.

कुकी आपोआप बनवणाऱ्यांत कर्सरची किंमत १५ कुकी, देतो सेकंदाला ०.१ कुकी. ग्रँडमा १०० ला, देते १. शेत १,१०० ला, देतं ८. नवखा माणूस स्वस्त म्हणून कर्सरच्या रांगा लावतो. किंमतीला कमाईने भागून बघा: कर्सर १५० सेकंदांत पैसे फेडतो, ग्रँडमा १०० सेकंदांत, शेत साधारण १३८ सेकंदांत. म्हणजे ग्रँडमा सगळ्यात फायद्याची. पण दर खरेदीला त्या वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी चढते. तिसरी ग्रँडमा १३२ च्या आसपास पडते, अजून शेतापेक्षा बरी. चौथी १५२ च्या घरात जाते आणि तिथे शेत पुढे निघून जातं. सबंध खेळ या एका भागाकारावर चालतो. १५ टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की दर पाच खरेद्यांनी किंमत दुप्पट होते. एकाच वस्तूच्या मागे लागण्यात अर्थ नाही तो यामुळेच. दुप्पट करणारे अपग्रेड दिसले की मात्र यंत्रं थांबवून आधी ते घ्या.

भागाकारात न बसणारी गोष्ट म्हणजे सोनेरी कुकी. सुरुवातीला ती पाच ते पंधरा मिनिटांतून एकदा उगवते आणि १३ सेकंदांत मावळते. तिच्यातून कधी ७७ सेकंद सातपट कमाई मिळते, कधी एकरकमी घबाड. घबाड किती? साठ्याच्या १५ टक्के किंवा १५ मिनिटांची कमाई, यातलं जे कमी असेल ते. मांडून बघा: पूर्ण १५ मिनिटांची कमाई पदरात पाडायची तर साठ्यात १०० मिनिटांची कमाई पडून असायला हवी. म्हणजे एरवी 'मिळालं की खर्च कर' म्हणणारा खेळ इथे 'शिल्लक ठेव' म्हणतो. पडून असलेल्या ढिगाकडे हात न लावता बसणं पहिल्यांदा फार जड जातं. कसोटी म्हणतो ती हीच.

ऑटोक्लिकरबद्दल, म्हणजे आपोआप क्लिक करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, कुणीतरी विचारणारच. बोट दुखत असेल तर खुशाल वापरा, एकट्याने खेळायच्या खेळात कुणाचं नुकसान नाही. फक्त एक बघा: ऑटोक्लिकरशिवाय असह्य होणारा खेळ बहुधा ऑटोक्लिकरसकटही फारसा बरा नसतो.

५. प्रेस्टीज: सगळं मोडून पुन्हा मांडणं

काही वेळाने खेळ म्हणतो, सगळं शून्यावर आणा, बदल्यात कायमचा फायदा देतो. यालाच प्रेस्टीज म्हणतात, काही खेळांत असेन्शन. नवखे इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण बटण दिसताच दाबतात, काही जण जमवलेलं सोडवत नाही म्हणून आठवडे रखडतात.

बटण दाबायच्या आधी फायद्याचं सूत्र बघा. 'कुकी क्लिकर'मध्ये ते घनमूळ आहे: १ लाख कोटी कुकींना पहिली पातळी, ८ लाख कोटींना दुसरी, १,००० लाख कोटींना दहावी. एका पातळीमागे कमाईत जास्तीत जास्त १ टक्का वाढ, आणि तोही पूर्ण मिळायला वेगळे अपग्रेड लागतात. म्हणजे पहिल्या पातळीवर मोडणं जवळपास फुकट जातं; अनुभवी खेळाडू शेकड्यांत पातळ्या जमेपर्यंत थांबतात. इतर खेळांत सूत्र सढळ असतं आणि पहिलं रीसेट तासाभरातच करणं शहाणपणाचं. माझा सरधोपट नियम असा: रीसेटने कायमचा फायदा आत्ताच्या दुप्पट होत असेल तर मोडा. पुढची खरेदी उद्यावर गेली असेल तर दुपटीची वाट न बघता मोडा.

६. लांब पल्ल्याचे खेळ

'किटन्स गेम' २०१४ चा, ब्राउझरमध्ये फुकट. मांजरांची वसाहत वसवायची. पडद्यावर सगळा मजकूर, चित्र जवळपास नाहीच. पहिल्या हिवाळ्यात नवख्यांची मांजरं उपाशी मरतात, आणि त्यामागचं गणित बघण्यासारखं आहे. एक मांजर सेकंदाला सुमारे ४.२५ एकक कॅटनिप (मांजरांना आवडणारी वनस्पती, इथलं अन्न) खातं. कॅटनिपचं एक शेत सेकंदाला ०.६३ देतं, वसंतात त्याच्या दीडपट आणि हिवाळ्यात जेमतेम पाव. नुसत्या शेतांवर एक मांजर हिवाळ्यात जगवायचं म्हटलं तर सत्तावीस-अठ्ठावीस शेतं हवीत! म्हणून खाणारी तोंडं वाढवणारी झोपडी बांधायची घाई करू नका. आधी शेतं आणि भरलेलं कोठार, आणि मांजरं आली की त्यातली काही शेतीवर लावा. एक ऋतू २०० सेकंदांचा असतो, तेव्हा हिवाळा येताना दिसतो. पुढे कोठारांची क्षमता हीच खरी अडचण होते आणि खेळ महिनोन्‌महिने पुरतो. व्यवस्थापनाची आवड असेल तर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. घाई असेल तर वाटेला जाऊ नका.

'अँटिमॅटर डायमेन्शन्स'मध्ये आठ मिती असतात. आठवी सातवीला वाढवते, सातवी सहावीला, असं खालपर्यंत. पहिलं मोठं ध्येय आहे १.७९ गुणिले १० चा ३०८ वा घात, आणि खेळ त्याला 'अनंत' म्हणतो. आकडा हवेतून आलेला नाही. संगणक नेहमीच्या दशांश संख्येत यापेक्षा मोठं काही मांडूच शकत नाही. बहुतेक खेळ त्या भिंतीशी थांबतात, इथे ती ओलांडल्यावर खरा खेळ सुरू होतो. मला हा फार आवडतो. पण सुरुवातीचे तास रटाळ आहेत, हे मान्य.

'मेल्व्हर आयडल' रूनस्केप या जुन्या ऑनलाइन खेळाच्या धर्तीवरचा: लाकूडतोड, मासेमारी, लढाई, सगळं पट्ट्या भरत पुढे जातं. खेळ बंद असतानाही चालू राहतो, आणि इथेच सापळा आहे. झोपण्यापूर्वी पात्राला लढाईत सोडून गेलात आणि जेवण पुरलं नाही, तर सकाळी पात्र मेलेलं आणि अंगावरची एखादी वस्तू गायब. रात्री मासेमारीला बसवा. लढाई जागेपणी करा.

७. पैसे देण्याआधी

स्टीमचा परताव्याचा नियम: खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी असावा. आयडल गेमसाठी हा नियम विशेष त्रासाचा आहे, कारण स्टीम खिडकी उघडी असलेला सगळा वेळ 'खेळलेला' धरतं. विकत घेतला, चालू ठेवून जेवायला गेलात, की दोन तास झालेच. पहिल्या दिवशी समोर बसून खेळा आणि दीड तासाच्या आत ठरवा.

डेमो असेल तर आधी तो. 'नेक्स्ट फेस्ट' या स्टीमच्या डेमो-उत्सवाच्या काळात वर्षातून तीनदा शेकडो इंडी डेमो एकदम येतात. अर्ली अ‍ॅक्सेसचा, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला, खेळ आज आहे तसा पटला तरच घ्या, पुढे काय येणार त्याच्या यादीला पैसे देऊ नका.

फुकट खेळांचा वेगळा धडा 'बनाना'. २०२४ च्या जूनमध्ये स्टीमवर एकाच वेळी नऊ लाखांहून जास्त लोक तो चालवत होते. त्यात एका केळ्यावर क्लिक करायचं, एवढंच. लोक आले होते अधूनमधून मिळणारी केळ्यांची चित्रं स्टीमच्या बाजारात विकायला. खेळाडूंची संख्या बघून खेळ निवडू नका, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. आणि जाहिरात बघितली की कमाई दुप्पट देणारे मोबाइलवरचे आयडल मी सरळ काढून टाकतो. त्यांचा वेग जाहिरात धरूनच ठरवलेला असतो, न बघणाऱ्याला खेळ मुद्दाम रखडवतो.

८. आयडलकडून बाकीच्या इंडीकडे

आयडलमधलं तुम्हाला नेमकं काय आवडलं, यावर पुढचा खेळ ठरवा.

कधी थांबायचं हा निर्णय आवडला असेल तर 'लूप हीरो', २०२१ चा. नायक आपणच चालतो आणि लढतो. तुम्ही त्याच्या वाटेवर डोंगर, जंगलं, राक्षसांची घरटी मांडता. छावणीवर पोचून परतलात तर सगळी सामग्री तुमची, मधूनच पळालात तर ६० टक्के, मेलात तर ३०. 'आणखी एक फेरी' म्हणताना हात थबकतो, यासाठीच हा खेळ घ्यायचा. शेवटाकडे तोचतोचपणा येतो खरा.

यंत्रांना यंत्रं जोडणं आवडलं असेल तर 'फॅक्टोरियो'. सवलतीची वाट बघू नका, त्याचे निर्माते सवलत देतच नाहीत. डेमो फुकट आहे आणि भरपूर मोठा आहे.

आकडे फुगताना बघणंच आवडत असेल तर २०२४ चा 'बालाट्रो'. पत्त्यांचे पोकरचे हात लावायचे आणि जोकरांनी गुण गुणत न्यायचे. यातही गुण त्याच ३०८ व्या घाताच्या भिंतीला धडकतात, आणि पडद्यावर आकड्याऐवजी भलतीच अक्षरं उमटतात. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'मध्ये हत्यारं आपोआप चालतात, तुम्ही फक्त पळायचं. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. थकलेल्या संध्याकाळी याच्यासारखं काही नाही, पण निर्णय कमी असल्याने माझ्या यादीत तो बालाट्रोच्या बराच खाली.

काम करता करता बाजूला काहीतरी हलतं असावं, एवढंच हवं असेल तर 'रस्टीज रिटायरमेंट'. पडद्याच्या तळाशी एक चिंचोळं शेत, त्यात एक यंत्रमानव राबत असतो. वेग कमी करायची सोय आहे, ती वापरा, नाहीतर दर मिनिटाला मान खाली जाते. आणि थोडक्यात आटपणारं काही हवं असेल तर '(द) नॉर्प अपोलॉग', २०२३ चा. छोटे जीव एका दगडावर तुटून पडतात आणि काही तासांत खेळ संपतो. दर बैठकीला वेगळी जुळवणी करून बघावीशी वाटते, म्हणून तो मी बऱ्याच मोठ्या खेळांच्या वर ठेवतो.

९. सोडायचा केव्हा

खेळ उघडला, साठलेलं गोळा केलं, सगळ्यात महाग बटण दाबलं आणि बंद केला, असं आठवडाभर चाललं असेल तर खेळ संपलाय. पुढे काय उघडणार ते आता शोधून वाचायला हरकत नाही. एखादी नवी व्यवस्था जवळ असेल तर तिथपर्यंत रेटा, नुसते मोठे आकडे असतील तर सोडा. सोडताना सेव्हची ओळ फाइलमध्ये ठेवून द्या, कारण हे खेळ वर्षांनंतरही नवं काही घेऊन येतात. संगणक सुरू होताच उघडणाऱ्या खेळांच्या यादीतूनही त्याला काढा, हे बरेच जण विसरतात.